चव्हाट्यावर मांडलेला हिशेब

माझं माहेर वडगावचं आणि सासर शहापूरचं. दोन्हीकडं माग. त्यामुळं लग्न होऊन आले तेव्हा घर बदललं, माणसं बदलली, पण कानाला काही वेगळं वाटलं नाही. उजाडल्यापासून दिवे लागेपर्यंत तीच खटखट. आमच्या ह्यांचा माग पुढच्या सोप्यात होता. खड्ड्यात पाय सोडून बसायचे ते जेवायलाच उठायचे. सासू-सासरे माझ्या लग्नाआधीच गेलेले. घरात आम्ही दोघं आणि पुढं एक मुलगी झाली, ती.

ह्यांचा हात चांगला होता. पण पेठेत त्यांचं नाव हाताबद्दल कमी आणि तोंडाबद्दल जास्त होतं. सुताचा व्यापारी मजुरी देताना काही कापून घ्यायचा, तेव्हा बाकीचे विणकर मान खाली घालून पैसे कनवटीला लावायचे. हे तिथंच उभे राहायचे आणि विचारायचे, "ह्यो पैसा कशाचा कापला, सांगा." घरी आल्यावर मी म्हणायची, "अवो, एवढ्या-तेवढ्यासाठी कशाला बोलून वाईट होता?" तर म्हणायचे, "मी वाईट बोलतो व्हय? मी इचारतो. इचाराय बी पैसं पडत्यात काय?"

आमच्या पेठेत विणकरांच्या मदतीसाठी एक मंडळ होतं. सुताचे दोघं-तिघं व्यापारी, एक वकील आणि एक पेन्शन घेतलेले मास्तर यांनी ते काढलं होतं. मास्तर चिटणीस. विणकराच्या प्रत्येक लुगड्यामागं मजुरीतला एक पैसा मंडळाला जायचा, आणि व्यापारी आपली भर घालायचे. त्या पैशातून विधवांना जोंधळे मिळायचे, आजारी विणकराच्या घरी दुधाचा रतीब लागायचा, आणि ज्याच्या घरी काहीच नाही त्याच्या मयताला लाकडं. मंडळाची खोली चौकात होती, बेळगावला जाणारे टांगे उभे राहायचे तिथंच. बाकी मंडळाचं काय चालतं हे कुणाला ठाऊक नव्हतं, आणि कुणी फारसं विचारतही नव्हतं.

मग लढाई सुरू झाली. जर्मनी कुठं आणि शहापूर कुठं, पण सुताचा भाव चढायला लागला. मजुरी तेवढीच, जोंधळे महाग. हातात कमी आलं की माणूस कापलेल्या पैशाकडं बघायला लागतो. त्यातच मंडळातल्या एका व्यापाऱ्यानं घरावरची जुनी कौलं काढून मंगळुरी कौलं घातली. नवी लालभडक कौलं लांबून दिसायची. पेठेत कुजबुज सुरू झाली, "ही कौलं आपल्या पैशाची." कुणी ते व्यापाऱ्याच्या तोंडावर बोललं नाही. पारावर बोलले, विहिरीवर बोलले, मागावर बसून बोलले.

देवळासमोर मंडळाची वर्षाची सभा असायची. पानसुपारी व्हायची, वकील भाषण करायचे, लोक घरी जायचे. त्या वर्षी भाषण संपता संपता हे उठले. मी बायकांच्यात, मागं खांबापाशी मुलीला मांडीवर घेऊन बसले होते. ह्यांचा आवाज ऐकला आणि मी मान उंच करून बघितलं.

"मास्तर, मंडळाचा हिशेब कुठं हाय?"

मास्तर म्हणाले, "खोलीत आहे. वह्या लिहिलेल्या आहेत. कुणीही येऊन बघावं."

"निम्म्या लोकांस्नी वाचाय येत न्हाय. वह्या बघून काय कळनार? फळा लावा भाईर. कुणाकडनं काय आलं आन कुणाला काय दिलं, समदं लिवा. दर सोमवारी वाचून दावा. चव्हाट्यावर मांडा हिशेब."

सोमवारी मागाला सुट्टी असायची. लोकांत एकदम गलका झाला, "व्हय, व्हय, बरोबर हाय." मंगळुरी कौलांचे व्यापारी पुढंच बसले होते, ते सुपारी कातरत राहिले. मास्तर तेवढे हात वर करून म्हणाले, "कुणाकडून आलं ते लिहू. किती गेलं तेही लिहू. पण घेणाऱ्याचं नाव कशाला? एखादी बाई अडचणीत असते..."

"नाव लिवल्याबिगर कसं कळनार? खोटी नावं घालून कुनीबी जोंधळं उचलंल. नाव पायजेच."

मास्तरांनी हात खाली घेतला. मी पुढं कैक वर्षं मनाशी ते बोलणं उलटंपालटं करून बघितलं, पण मलाही ते खोडता आलं नाही. ठराव झाला. हे घरी आले ते छाती पुढं काढून. जेवताना म्हणाले, "आज लई बरं वाटलं बघ." मलाही बरं वाटलं होतं. खोटं कशाला सांगू?

भिंतभर फळा झाला. एका बाजूला मराठी, दुसऱ्या बाजूला कानडी. सोमवारी सकाळी मास्तर खडूनं लिहायचे. मराठी बाजू हे वाचून दाखवायचे, आणि कानडी एक वडगावकडचा विणकर वाचायचा. सुरुवातीला जत्रेसारखी माणसं जमायची. पहिल्याच महिन्यात एक भानगड बाहेर आली. ह्यांनी एका म्हातारीचं नाव वाचलं तसा गर्दीतून तिचा भाचा ओरडला, "आत्ती तर शिमग्यातच गेली की!" म्हातारीच्या नावावर मंडळाचा शिपाई जोंधळे उचलत होता. त्याला काढून टाकला. त्या दिवसापासून पेठेत ह्यांना मान आला. रस्त्यानं जाताना लोक थांबवायचे, "आप्पा, तुमी हुता म्हून चोर घावला." कौलांचा मात्र काही हिशेब लागला नाही. मंडळाच्या पैशात पैचाही फरक नव्हता. लोकांना त्याचं थोडं वाईटच वाटलं असावं.

आमच्या भिंतीला लागून एक विधवा राहायची. मी तिला आक्का म्हणायची. ती घरोघरच्या मागासाठी सुताच्या कांड्या भरून द्यायची आणि मंडळाकडून जोंधळे घ्यायची. तिच्या मुलीचं लग्न खानापूरकडच्या एका घरी ठरत आलं होतं. मुलाचा चुलता बाजाराला म्हणून आला आणि टांग्यातून उतरला तो फळ्यासमोरच. त्यानं तिचं नाव वाचलं, शेजारच्या माणसाकडून वाचलेलं पक्कं करून घेतलं आणि आमच्या गल्लीत न येताच परत गेला. निरोप तेवढा आला, "धर्मादायावर वाढलेली पोर आमास्नी नगं."

आक्का माझ्याकडं आली ती रडत नव्हती. उंबऱ्यावर बसली. मी पाणी दिलं ते तसंच बाजूला ठेवलं. "तुझ्या दाल्ल्याला सांग," ती म्हणाली, "माझं नाव पुसाय लाव. मी आता जोंधळं घेत न्हाय. घेतलेलं बी परत करीन म्हनावं, पर त्ये नाव पुस."

मी ह्यांना सांगितलं. हे माग थांबवून ऐकत राहिले. मग म्हणाले, "तिनं घेतलं त्ये खोटं हाय का? न्हाय. मग लाज कशापायी? लाज घेणाऱ्याला नसावी, चोराला असावी."

"ते तुमी म्हणता. खानापूरवाले म्हणत्यात काय?"

"त्यास्नी अक्कल न्हाय." आणि धोटा पुन्हा फेकला. पण त्या दिवशी त्यांचे धागे सारखे तुटत होते. ते मला ऐकू येत होतं, कारण खटखट मधेच थांबायची.

आक्कानं जोंधळे सोडले. तिनं सोडले तसे आणखी दोघी-तिघींनी सोडले. सोमवारी वाचायला नावं कमी झाली. लोक म्हणाले, बघा, फळा लावल्यावर खोटी घेणारी पळाली. आक्का पुढं लोंढ्याला भावाकडं गेली, मुलीला घेऊन. तिथं ती रेल्वेतल्या लोकांच्या घरी भाकऱ्या थापते असं कळलं. मुलीचं काय झालं ते मला कधी कळलं नाही.

मग सुतावर कंट्रोल आला. परवान्यावर मिळेल तेवढंच सूत, आणि तेही मिळेल तेव्हा. आठवड्याचे चार दिवस माग चालायचा, मग दोन, मग नुसताच उभा. शहापुरात एवढी शांतता मी कधी ऐकली नव्हती. माझ्या मुलीला त्या शांततेत झोप यायची नाही. याच दिवसांत ह्यांना खोकला लागला. आधी वाटलं, खड्ड्यातल्या ओलीनं असेल. काढे झाले, छातीला तेल झालं. एक दिवस खोकताना तोंडावर धरलेल्या पंच्यावर लाल दिसलं. बेळगावच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी छातीला नळी लावली, पाठीवर बोटं वाजवली आणि मला बाजूला बोलावून म्हणाले, "क्षय आहे. औषध असं खरं काही नाही. विश्रांती, मोकळी हवा आणि दूध. दूध भरपूर द्या."

दूध भरपूर द्यायचं कुठून? तांब्याची भांडी गेली, पितळी समई गेली. भावानं वडगावहून जमेल तेवढं पाठवलं, पण त्याच्याही घरी माग बंदच. शेवटी मी ह्यांना न सांगता मंडळाच्या खोलीत गेले. मास्तर एकटेच होते. मी दारातच उभी राहिले.

"मास्तर, दुधाचा रतीब पाहिजे होता. पण नाव नको."

मास्तरांनी चष्मा काढला. बराच वेळ पुसत बसले. "बाई, नावाशिवाय मला देता येत नाही. ठराव आहे. कुणी करायला लावला ते तुम्हाला माहीतच आहे."

मी वळले. तेव्हा त्यांनी हाक मारली. "थांबा. मंडळाचं नाही, मी माझ्या पेन्शनीतून देतो. गवळण येईल उद्यापासून. कुणाला सांगायचं कारण नाही."

गवळण कानडी होती. न बोलता दूध घालायची आणि जायची. ह्यांना मी सांगितलं, भावानं लावलंय. त्यांनी दूध प्यायला सुरुवात केली आणि चेहऱ्यावर जरा रया आली. मला वाटलं, एवढा उन्हाळा निघाला तर माणूस हाती लागेल. पण भाऊ एकदा भेटायला आला. हे त्याला म्हणाले, "दूध लावलंस बाबा, लई उपकार झालं." भावाच्या तोंडावर सगळं दिसलं. त्याला खोटं बोलायला सुचलंच नाही.

भाऊ गेल्यावर ह्यांनी मला समोर बसवलं. मी सगळं सांगून टाकलं. ते रागावतील असं वाटलं होतं, पण आवाज चढला नाही. म्हणाले, "मला खोलीवर घिऊन चल."

"अवो, चालवत नाही तुम्हाला."

"चल म्हनतो न्हवं."

माझ्या खांद्यावर हात टाकून, वाटेत दोनदा बसून ते चौकात गेले. मास्तर उठून उभे राहिले. हे म्हणाले, "मास्तर, माझं नाव फळ्यावर लिवा. दुधाचं लिवा."

"अरे बाबा, ते मंडळाचं नाही. माझ्या पदरचं आहे."

"तुमी मंडळाचं चिटणीस. तुमच्या हातनं आलेलं दूध लोक मंडळाचंच म्हननार. कुनी इचारलं तर तुमी काय सांगशीला? दडवून दिलं म्हनून? तुमीबी चोर ठरशीला आन मीबी. लिवा नाव. मंडळाचंच दूध घेतो, पर उजेडात घेतो."

मास्तर माझ्याकडं बघायला लागले. माझ्या मनात त्या वेळी काय होतं ते सांगते. मला त्यांचा अभिमान वाटला नाही. मला वाटलं, हा माणूस आपल्या बोलण्यासाठी आम्हाला विकतोय. पुढं पुष्कळांनी मला सांगितलं की किती खरा माणूस होता. खरा होताच. पण घरी मुलगी होती. तिला अजून मोठं व्हायचं होतं, आणि तिच्या बापाचं नाव आता दोन लिप्यांत भिंतीवर चढणार होतं.

त्या सोमवारी वाचायला तेच गेले. दुसरा कुणी वाचेल असं मास्तरांनी सांगून पाहिलं, पण ह्यांनी ऐकलं नाही. सूत बंद असल्यानं रिकामी माणसं पुष्कळ जमली होती. हे एकेक नाव वाचत आले आणि आपल्या नावापाशी खोकल्याची उबळ आली. भिंतीला हात टेकून थांबले, मग नाव वाचलं, पुढं "दुधाचा रतीब" वाचलं आणि खालच्या नावाला गेले. हे वाचून संपवून खोलीच्या पायरीवरून खाली उतरले, तेव्हा मागून कुणीतरी म्हणालं, "आता कळलं फळ्याची हौस कशापायी हुती." दोघं-तिघं हसले. जो बोलला, त्याच्या भाच्याच्या मुंजीला हे राबले होते. नाव मला माहीत आहे, पण आता त्यात काय अर्थ आहे?

दुसऱ्याच आठवड्यात बोलणं पसरलं. विधवांना नुसते जोंधळे आणि ह्याला रोज दूध. मास्तरांशी साटंलोटं असणार. खरंच आजारी आहे की कामाला कंटाळलाय? कधीकाळी ज्या तोंडांनी "व्हय, व्हय" म्हटलं होतं, तीच तोंडं. मग एक दिवस दुपारी पेठेतले तिघं आमच्या घरी आले. हे आत बाजेवर पडले होते. मी विचारलं, काय पाहिजे. त्यातला एक म्हणाला, "बघाय आलोय. पैसा आमचा हाय, वैनी. कुठं जातोय त्ये बघाय नगं व्हय?"

ते आत गेले. ह्यांच्याकडं बघितलं. एकानं चुलीवरच्या भांड्याचं झाकण उचललं. आत आंबील होती. त्यानं झाकण परत ठेवलं, नीट ठेवलं, आणि फडक्याला हात पुसले. दुसऱ्यानं माझ्या कानाकडं बघून विचारलं, "फुलं सोन्याची हायत न्हवं?" माझ्या आईनं लग्नात घातलेली ती फुलं, जोंधळ्याच्या दाण्याएवढी. मी ह्यांच्याकडं बघितलं. मला वाटलं, आता हे उठतील, काहीतरी बोलतील. अंगात ताकद नव्हती, पण तोंड तर होतं. ते छताकडं बघत पडून राहिले. ते तिघं त्यांचेच शब्द बोलत होते.

मंडळानं मधेच जादा सभा बोलावली आणि ठरलं की ज्याच्या घरी सोनं आहे त्याला मंडळाची मदत नाही. मी फुलं विकली. सोनारानं दिलेल्या पैशात थोडे दिवस गेले, आणि घरात सोनं उरलं नाही म्हणून मंडळाचा रतीबही चालू राहिला. कान मोकळे झाले, आणि मोकळ्या कानांनी मी चौकातून जायला लागले तेव्हा बायका माझ्या कानांकडं बघायच्या. फुलं गेली का बघायला.

माझा भाऊ पुन्हा आला तो एक वेगळीच गोष्ट घेऊन. त्याच्या घरी माग सुरू झाला होता. ह्यांनी विचारलं, "सूत कुठलं?" भावानं आधी दार लोटून घेतलं. मग म्हणाला, "परवान्याचं न्हवं. मंगळुरी कौलंवाल्याच्या मागल्या दारानं मिळतंय. भाव लई लावतोय, तिप्पट. परवान्याचं म्हनून आलेलं सूतच ते, पुढनं संपलं म्हनून सांगतोय आन मागनं इकतोय. हातउसनं करून थोडं घेतलं. काय करनार, दाजी?"

हे उठून बसले. त्यांचे डोळे आधीच मोठे दिसत होते, ते आणखी मोठे झाले. म्हणाले, "मी पैचा हिशेब मागितला. सुताचा मागाय पायजे हुता." आणि हसले. ते हसणं मला बघवलं नाही.

ह्यांनी मास्तरांना बोलावून घेतलं. बिचारे आले, दारात चपला काढून, बाजेपासून जरा लांब बसले. हे म्हणाले, "सोमवारी फळ्यावर लिवा. सूत किती आलं, कुणाला दिलं, किती मागल्या दारानं गेलं. म्या वाचतो."

मास्तर म्हणाले, "फळा मंडळाचा आहे. मंडळात आलेल्या पैशाचाच हिशेब त्यावर लिहिता येतो. सूत मंडळाचं नाही, त्यांचं आहे."

"मग मंडळात बसत्यात कशाला त्ये?"

"त्यांची भर सगळ्यात मोठी असते. फळ्यावर बघतोस ना, पहिलं नाव त्यांचंच." मास्तरांचा आवाज अगदी बारीक झाला होता. "सुताचं माझ्याही कानावर आलं होतं. वकिलांना मी विचारलंही. ते म्हणाले, असं लिहिलं तर अब्रुनुकसानीचा दावा होईल. माझी पेन्शन जाईल बाबा. माझ्या घरीही माणसं आहेत."

मास्तरांनी जाताना माझ्याकडं बघितलं नाही. त्यांचा राग मला आला नाही. राग यायला समोर कुणीतरी पाहिजे, आणि ते तर पाठमोरे होते, वाकलेले. त्यानंतर हे चौकात कधी गेले नाहीत. सोमवारी दुसरा कुणी वाचायचा. आमच्या घरापर्यंत शब्द यायचे नाहीत, नुसता आवाज यायचा. हे त्या वेळी कूस बदलून भिंतीकडं तोंड करायचे.

दूध त्यांनी सोडलं. मी पेला पुढं केला की मुलीकडं बोट दाखवायचे. मी ओरडले, पाया पडले. एकदा तर मी पेला भिंतीवर फेकला आणि दूध खाली सांडलं. मुलगी येऊन जमिनीवरचं बोटानं चाटायला लागली. तिला मी ओढून बाजूला घेतलं. ते गेले त्याच उन्हाळ्यात, दुपारी, मी पाण्याला गेले असताना. परत आले तेव्हा मुलगी बाजेपाशी बसून त्यांना वारा घालत होती. तिला कळलंच नव्हतं.

भाऊबंदांनी सगळं केलं. माझ्या हातात काही नव्हतं आणि मी कुणाला काही विचारलंही नाही. दहावं-बारावं झाल्यावर पहिल्यांदा बाहेर पडले ती चौकातून. फळ्यावर खाली ओळ होती. ह्यांचं नाव आणि पुढं "मयतास लाकडे". कानडीतही होती, तीही नावाच्या आकारावरून ओळखू आली. लाकडांचे पैसे भाऊबंदांनी मंडळाकडून घेतले होते. मी तिथं थांबले नाही. लोक बघत होते.

मंडळ पुढं वर्षभरही चाललं नाही. लुगडी निघेनात, मग लुगड्यामागचा पैसा कुठून येणार? व्यापाऱ्यांनी भर घालणं बंद केलं. म्हणाले, विणकरच देत नाहीत, आम्ही का द्यावं? एका सोमवारी मास्तरांनी फळ्यावर शिल्लक म्हणून पूज्य लिहिलं. वाचायला कुणी आलं नव्हतं. मास्तर धारवाडला मुलाकडं गेले ते परत आले नाहीत.

आमचा माग मी विकला. घेणाऱ्यानं तो सोप्यातून काढताना खड्डा तसाच उघडा राहिला. मुलगी त्यात पडेल म्हणून मी त्यात जुनी पोती टाकली. भाड्याचं घर होतं, मालक रोज खोकल्याबद्दल विचारायला लागला, तुम्हाला नाही ना, पोरीला नाही ना. शेजारणी आमच्या घागरीला घागर लावू देईनात. भाऊ म्हणाला, वडगावला ये. पण त्याच्या बायकोचं तोंड मी बघितलं होतं, आणि तिचंही काही चुकत नव्हतं. तिला तीन लेकरं.

म्हणून आम्ही निपाणीला गेलो. तिथं तंबाखूच्या वखारीत बायकांना काम मिळायचं. पानं निवडायची, देठ वेगळे करायचे, चाळायचं. पहिल्या दिवशी पोत्यावर शेजारी बसलेलीनं विचारलं, "मालक कशानं गेलं गं?" मी खोकल्यानं म्हणायच्या ऐवजी तापानं म्हणाले. तिला ते खरं वाटलं. वखारीत सगळ्याच खोकायच्या. उन्हं वखारीत आली की तंबाखूची धूळ उभी राहिलेली दिसायची, आणि त्या धुळीत कुणाचा खोकला कशाचा, हे कुणालाच सांगता आलं नसतं. मला त्याचं बरं वाटायचं. एवढीच एक सोय होती तिथं.

स्वातंत्र्य आलं तेव्हा आम्ही निपाणीतच होतो. वखारीला सुट्टी मिळाली, लाडू मिळाला. भाऊ नंतर भेटला तेव्हा म्हणाला, शहापुरात चौकात झेंडा लावला, कौलंवाल्यानंच लावला, भाषणही केलं, विणकरांसाठी आपण काय काय केलं ते सांगितलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. भावानंही वाजवल्या असाव्यात. सूत त्याला अजून तिथूनच घ्यावं लागत होतं.

मुलगी शाळेत दोन वर्षं गेली. पुढं मला एकटीच्या मजुरीत भागेना, तेव्हा तिला माझ्या शेजारी पोत्यावर बसवली. तिचे हात बापासारखे. चपळ. मुकादम म्हणायचा, पोरगी चांगली आहे. संध्याकाळी घरी जाताना ती खोकायची. मी म्हणायची, धूळ आहे, पाणी पी. ती पाणी प्यायची, आणि आम्ही पुढं चालायला लागायचो.